उपग्रहावरून बोलताना डॉप्लरचा हिशेब

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओचा रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो. पुण्यात गच्चीवर हँडी, म्हणजे हातातला रेडिओ, घेऊन उभ्या असलेल्या हॅमला (हौशी रेडिओचालकाला) मात्र तो नेमक्या या आकड्यावर काही सेकंदच सापडतो. स्थानक क्षितिजावर उगवते तेव्हा तोच आवाज ४३७.८१० च्या आसपास ऐकू येतो आणि दहाएक मिनिटांनी मावळताना ४३७.७९० च्या आसपास. स्थानकावरच्या ट्रान्समीटरने या काळात आपली वारंवारता तसूभरही बदललेली नसते. तो ऐकणाऱ्याकडे धावत येत असतो तेव्हा लहरी दाटीने पोचतात, दूर जात असतो तेव्हा विरळ होऊन पोचतात. हा डॉप्लर परिणाम. क्रिस्तियान डॉप्लर याने तो १८४२ साली प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी लिहिताना मांडला. तीनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट याने रेल्वेगाडीवर तुतारीवादक बसवून आणि रुळाशेजारी कानाचे पक्के संगीतकार उभे करून ध्वनीच्या बाबतीत त्याची परीक्षा घेतली.

किती वारंवारता सरकेल हे काढायला एक भागाकार आणि एक गुणाकार पुरतो. उपग्रहाचा ऐकणाऱ्याच्या दिशेने असलेला वेग घ्यायचा, त्याला प्रकाशाच्या वेगाने भागायचे आणि आलेल्या अपूर्णांकाने वारंवारतेला गुणायचे. अंतराळ स्थानक सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगाने फिरते. त्यातला सगळा वेग आपल्या रोखाने नसतो. क्षितिजावर असताना दृष्टिरेषेत येणारा भाग सेकंदाला ७.२ किलोमीटरच्या घरात असतो. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यामुळे तो पासच्या, म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या एका फेरीच्या, दिशेनुसार थोडा कमीजास्त होतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. म्हणजे प्रमाण पडले दहा लाखांत चोवीस. १४५.८ मेगाहर्ट्झवर ते ३.५ किलोहर्ट्झ होते आणि ४३७.८ वर १०.५ किलोहर्ट्झ. दोन मीटरच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यात साडेतीन, सत्तर सेंटिमीटरच्या (४३७ च्या) पट्ट्यात दहा: पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहांसाठी एवढे दोन आकडे पाठ असले तरी बरेचसे काम भागते. उपग्रह जितका उंच, तितका तो संथ चालतो आणि हे आकडे खाली येतात. सुमारे १,४५० किलोमीटरवर फिरणाऱ्या एओ-७ या हौशी उपग्रहासाठी ते अंदाजे २.८ आणि ८.४ असे पडतात.

एकूण सरक किती, यापेक्षा ती कोणत्या क्षणी किती वेगाने होते हे जास्त महत्त्वाचे आहे आणि नवशिक्याची फसगत नेमकी इथेच होते. स्थानक थेट डोक्यावरून जाणारा पास घेऊ. उगवताना वारंवारता १०.५ किलोहर्ट्झने वर असते. पुढची तीन मिनिटे ती जवळजवळ जागची हलत नाही. माथ्यावर यायला दोन मिनिटे उरलेली असतात तेव्हाही ती ९.९ किलोहर्ट्झ वरच असते. एक मिनिट उरते तेव्हा ८, अर्धे मिनिट उरते तेव्हा ५.२, माथ्यावर शून्य, आणि त्यानंतर मिनिटभरातच उणे ८. दहा मिनिटांच्या पासमधली २१ किलोहर्ट्झची सरक. त्यातली १६ मधल्या दोन मिनिटांत उरकते. ऐन माथ्यावर वारंवारता दर सेकंदाला जवळपास २०० हर्ट्झने घसरत असते. आलेखावर ही रेषा पहुडलेल्या इंग्रजी एसच्या आकारासारखी दिसते: दोन्ही टोके सपाट, मधे कडा. उपग्रह डोक्यावरून न जाता क्षितिजालगत बाजूने गेला तर हीच कडा सौम्य उतार होते. म्हणून उंच पासमध्ये संदेश सर्वांत जोरदार मिळतो आणि ट्यूनिंगही सर्वांत अवघड जाते.

एफएमवर चालणाऱ्या उपग्रहांवर हा हिशेब ढोबळ ठेवला तरी चालतो. एफएम रिसीव्हरचा पट्टा काही किलोहर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरत गेले की पुरे. २००२ च्या डिसेंबरात कक्षेत गेलेला एसओ-५० हा याचा नमुना. त्याचा डाउनलिंक, म्हणजे आपण ऐकायची वारंवारता, ४३६.७९५. हॅम आपल्या हँडीत पाच मेमरी भरून ठेवतात: ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९० आणि ४३६.७८५. प्रत्येक मेमरीत अपलिंक (बोलण्याची वारंवारता) तोच, १४५.८५०, सोबत ६७ हर्ट्झचा टोन. अपलिंक दोन मीटरवर असल्याने तो तीन-साडेतीन किलोहर्ट्झच सरकतो आणि उपग्रहावरचा रिसीव्हर तेवढे पोटात घालतो. एफएममध्ये वारंवारता चुकली म्हणून आवाज जाड किंवा बारीक होत नाही. तो फाटू लागतो, शब्दांच्या कडा खरखरतात. तसे ऐकू आले की एक मेमरी खाली. खरखर सुरू व्हायच्या बेतात असतानाच खाली उतरायची सवय लागली की कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरे हातची जात नाहीत.

अपलिंक सत्तर सेंटिमीटरवर असेल तेव्हा मात्र दिशा उलटी होते. २०१७ साली सोडलेल्या एओ-९१ चा अपलिंक ४३५.२५० आणि डाउनलिंक १४५.९६० असा होता. इथे ऐकण्याची वारंवारता एकाच जागी ठेवून बोलण्याची बदलत न्यावी लागते. उपग्रह जवळ येत असताना त्याला आपला आवाज वरच्या वारंवारतेवर पोचणार, म्हणून सुरुवात दहा किलोहर्ट्झ खालून, ४३५.२४० वर करायची आणि पास पुढे जाईल तसे ४३५.२६० पर्यंत चढत जायचे. ऐकण्याची वारंवारता पासभर उतरत जाते, बोलण्याची चढत जाते. हा नियम प्रत्येक उपग्रहाला आणि प्रत्येक पट्ट्याला लागू आहे. मेमरी भरताना दोन्ही आकडे एकाच दिशेने लिहिले जाणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. तसे झाले की पासच्या दोन्ही टोकांना उपग्रह आपल्याला ऐकतच नाही, आणि दोष अँटेनाच्या माथी मारला जातो.

डॉप्लरचा खरा कस लागतो तो रेषीय ट्रान्सपॉन्डरवर. असा ट्रान्सपॉन्डर एकाच आवाजापुरता नसतो. तो अपलिंकचा एक अख्खा पट्टा उचलतो आणि जसाच्या तसा दुसऱ्या पट्ट्यात खाली सोडतो. त्यात एकाच वेळी अनेक संभाषणे शेजारी शेजारी चालू शकतात. भारतीय हॅमना हा अनुभव घरच्या उपग्रहाने दिला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत ४२.५ किलो वजनाचा हॅमसॅट कक्षेत नेला. जगभरचे हॅम त्याला व्हीओ-५२ म्हणत. त्यावर दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक भारतात बनवलेला आणि एक नेदरलँड्समधल्या हॅमने बनवलेला. २०१४ च्या जुलैत बॅटरीने दगा देईपर्यंत त्याने नऊ वर्षे सेवा दिली. ४३५.२२० ते ४३५.२८० वर बोलायचे, १४५.८७० ते १४५.९३० वर ऐकायचे. साठ किलोहर्ट्झच्या या पट्ट्यात एसएसबी (एकाच साइडबँडवरचे बोलणे) आणि मोर्सचे कित्येक संवाद सुखाने नांदत.

हॅमसॅटचा ट्रान्सपॉन्डर उलटवणारा होता. अपलिंकच्या तळाशी बोललेले डाउनलिंकच्या माथ्यावर उमटे, आणि माथ्यावरचे तळाशी. दोन्ही वारंवारतांची बेरीज उपग्रहावर कायम ५८१.१५० मेगाहर्ट्झ. ४३५.२५० वर पोचलेला आवाज १४५.९०० वर बाहेर पडे. यामुळे साइडबँडही उलटे होत, म्हणून बोलताना लोअर साइडबँड आणि ऐकताना अप्पर. ट्रान्सपॉन्डर असा मुद्दाम उलटा ठेवण्यामागे डॉप्लरच आहे. उपग्रह जवळ येत असताना अपलिंक त्याला दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो. तो उलटून दहाने खाली सोडतो. खाली येताना त्यात ३.३ ची भर पडते. निव्वळ फरक उरतो ६.७ किलोहर्ट्झ. सरळ ट्रान्सपॉन्डर असता तर दोन्ही फरकांची बेरीज होऊन तो १३.३ झाला असता. यातून एक गमतीची गोष्ट निघते. हॅमसॅटवर कुणी ट्रान्समीटरला हातच लावला नाही, तर त्याचा स्वतःचा आवाज डाउनलिंकवर पासभर वर चढत गेलेला दिसे, उतरत गेलेला नाही.

एसएसबीत ढोबळपणाला जागा नसते. वारंवारता शंभर-दीडशे हर्ट्झने चुकली की बोलणाऱ्याचा आवाज घोगरा किंवा चिरका होतो, आणखी चुकली तर शब्द समजेनासे होतात. मोर्समध्ये शिट्टीची पट्टी बदलत जाते. म्हणून इथे सतत, बारीक दुरुस्ती हवी. ती नेमकी कुणी आणि कशाच्या आधाराने करायची, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

पुणे आणि दिल्ली इथले दोघे जण हॅमसॅटवर बोलत आहेत असे धरू. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जात आहे आणि भोपाळच्या आसपास आला आहे. दिल्लीपासून तो दूर चालला आहे, पुण्याकडे येतो आहे. एकाच उपग्रहाचा एकच संदेश दिल्लीत खाली सरकलेला आणि पुण्यात वर सरकलेला ऐकू येतो. आता पुणेकराने ट्रान्समीटर ४३५.२५० वर ठेवला आणि फक्त रिसीव्हर फिरवत राहिला, तर त्याला सगळे सुरळीत वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अपलिंक उपग्रहावर पासभरात ४३५.२६० पासून ४३५.२४० पर्यंत वीस किलोहर्ट्झ सरकेल. साठ किलोहर्ट्झच्या पट्ट्याचा एक तृतीयांश भाग तो ओलांडून जाईल आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येक संभाषणावर चढेल. दिल्लीकर त्याचा पाठलाग करत आपला ट्रान्समीटर त्याच्याशी जुळवून घेईल, मग पुणेकर दिल्लीकराशी, आणि दोघे मिळून पट्टाभर रांगत राहतील. तिसऱ्या कुणाला त्यांना हाक मारायची असेल तर ते सापडणारच नाहीत.

हातानेच ट्यूनिंग करण्याच्या काळात यावर एक तडजोड रूढ झाली: दोन वारंवारतांपैकी वरची फिरवावी आणि खालची स्थिर ठेवावी. हॅमसॅटवर याचा अर्थ रिसीव्हर १४५.९०० वर सोडून द्यायचा आणि आपला आवाज तिथेच ऐकू येत राहील अशा बेताने ट्रान्समीटर फिरवत राहायचे. उपग्रहावरची सरक त्यामुळे वीसवरून पावणेसातवर येते. ती संपत मात्र नाही, कारण पुण्यात स्थिर असलेली वारंवारता दिल्लीत स्थिर नसते.

पुढे संगणकाने रेडिओ चालवणे सोपे झाले, तसा याहून चोख नियम रुजला आणि ॲमसॅट या हौशी उपग्रहांच्या संघटनेने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. स्थिर ठेवायची ती उपग्रहावरची वारंवारता. प्रत्येकाने आपापल्या जागेपुरता डॉप्लर मोजावा आणि बोलण्याची व ऐकण्याची, अशा दोन्ही वारंवारता त्यानुसार सतत बदलाव्यात. पुणेकर पासच्या आरंभी ४३५.२४० वर बोलेल आणि १४५.९०३ वर ऐकेल, शेवटी ४३५.२६० वर बोलेल आणि १४५.८९७ वर ऐकेल. उपग्रहाला मात्र तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४३५.२५० वरच भेटेल. दिल्लीकराचे आकडे त्याच क्षणी वेगळे असतील, पण उपग्रहावर तोही तिथेच असेल. कोलंबोत कुणी तिसरा रेडिओ लावेल तर त्यालाही आपल्या हिशेबाने दोघे जागच्या जागी मिळतील. कुणाला कुणाचा पाठलाग करावा लागत नाही. उपग्रहाचा पट्टा सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो, आणि तो वाटून घेता येतो तो याच शिस्तीने. एकाने जरी ती पाळली नाही तरी शेजारच्या चार जणांचे बोलणे बिघडते.

हे दोन्ही हातांनी एकाच वेळी करणे, वर अँटेनाही फिरवणे, कुणालाही जड जाते. म्हणून जीप्रेडिक्ट, सॅटपीसी३२ यांसारखे प्रोग्राम कामाला येतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: उपग्रहाची कक्षा सांगणारे केप्लर आकडे, आपले अक्षांश-रेखांश आणि अचूक वेळ. त्यावरून ते दृष्टिरेषेतला वेग काढतात आणि केबलवाटे रेडिओची वारंवारता सेकंदागणिक बदलत राहतात. या तिन्हींत वेळेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. उंच पासमध्ये माथ्यावर वारंवारता सेकंदाला दोनशे हर्ट्झने पळत असते, हे वर आलेच आहे. संगणकाचे घड्याळ एक सेकंदाने मागे असले की सत्तर सेंटिमीटरवर तेवढीच चूक होते, आणि तेवढ्याने एसएसबीतला आवाज बिघडतो. केप्लर आकडे शिळे असले तरी परिणाम हाच, कारण कागदावरचा उपग्रह खऱ्या उपग्रहाच्या काही सेकंद पुढे किंवा मागे राहतो. लक्षण ओळखायला सोपे आहे. पासच्या दोन्ही टोकांना आवाज नीट आणि मधल्या दोन मिनिटांतच बिघडलेला असेल, तर घड्याळ किंवा केप्लर आकडे तपासावेत. चूक पासभर सारखीच राहत असेल तर ती डॉप्लरची नसते, यंत्राची असते.

यंत्राची चूक दोन जागी असते. आपल्या रेडिओचा स्फटिक दहा लाखांत एक भाग चुकला, तर ४३५ मेगाहर्ट्झवर ती चूक ४३५ हर्ट्झ होते. दुसरीकडे उपग्रहावरचे स्फटिकही ऊन-सावलीत तापतात आणि निवतात, त्यामुळे छापलेली बेरीज आणि खरी बेरीज यांत काहीशे हर्ट्झचा फरक पडू शकतो. एओ-७ वर हे ठळकपणे दिसते. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी निकामी होऊन गप्प झाला आणि २१ जून २००२ रोजी अचानक पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून तो निव्वळ सौरपट्ट्यांवर, उजेडात असतानाच चालतो. बॅटरीचा आधार नसल्याने कुणी फार जोरात बोलले की त्याचा व्होल्टेज खचतो आणि पट्ट्यातले सगळ्यांचे आवाज थरथरतात. त्यावर बोलताना शक्ती बेताची ठेवणे हाही मग वारंवारता स्थिर राखण्याचाच भाग होतो.

अशा चुकांवर एकच भरवशाचा उपाय आहे: स्वतःचा डाउनलिंक स्वतः ऐकणे. त्यासाठी बोलता बोलता ऐकू देणारा रेडिओ हवा, नाहीतर ऐकायला वेगळा रिसीव्हर. कानावर हेडफोन हवाच, नाहीतर स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून किंकाळी उठते. उपग्रह उगवला की पट्ट्यातली मोकळी जागा शोधावी, मोर्सचे दोन-चार ठिपके द्यावेत किंवा सावकाश एक-दोन-तीन म्हणावे. क्षणभराने वरून परत येणारा आपला आवाज जाड वाटला किंवा बारीक, तर तो स्वाभाविक होईपर्यंत ट्रान्समीटर थोडा खालीवर करावा. किती फरक द्यावा लागला ते प्रोग्राममध्ये नोंदवून ठेवले की पुढचा सगळा डॉप्लर तो प्रोग्राम सांभाळतो. प्रत्येक उपग्रहाचा हा फरक वेगळा असतो, म्हणून जाणती मंडळी त्याची वही ठेवतात. दुसरे कुणी बोलत असताना त्याच्यावर जाऊन ही जुळवाजुळव करणे वाईट. ती नेहमी पट्ट्याच्या कडेला करावी.

डेटाच्या बाबतीत गरज पट्ट्यावर आणि वेगावर ठरते. अंतराळ स्थानकावरून १४५.८२५ वर १२०० बॉडची पॅकेट पाठवताना काहीच दुरुस्ती करावी लागत नाही, साडेतीन किलोहर्ट्झची सरक एफएममध्ये खपून जाते. सत्तर सेंटिमीटरवर ९६०० बॉडला दुरुस्ती हवीच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेलेला स्वयम् सत्तर सेंटिमीटरच्याच पट्ट्यात होता. त्याचे क्षीण बीकन (ओळखीचा संकेत) पकडायचे तर दहा किलोहर्ट्झची ही ये-जा धरूनच बसावे लागे.

पंचवीस-सव्वीस अंश पूर्व रेखांशावर स्थिर असलेल्या क्यूओ-१०० वर हे काहीच करावे लागत नाही. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या एस्हेल-२ या कतारच्या उपग्रहावरचा हा हौशी ट्रान्सपॉन्डर पुण्यातून पश्चिमेला, क्षितिजापासून तीस अंशांहून वर दिसतो. भूस्थिर असल्याने त्याचा डॉप्लर नगण्य आहे, आणि म्हणूनच तो उलटवणारा ठेवण्याचीही गरज पडलेली नाही. तिथे वारंवारता सरकते ती घरच्या डिशवरच्या एलएनबी या संदेश टिपणाऱ्या भागाच्या तापमानामुळे. ती उपग्रहाच्या बीकनवरून सावरतात.

जी सरक बोलणाऱ्यांना दुरुस्त करावी लागते, तीच मोजली तर उपग्रहाचा ठावठिकाणा सांगते. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिकचा २० मेगाहर्ट्झवरचा बीप अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतल्या विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी टेप केला आणि एवढ्या वक्ररेषेवरून त्याची कक्षा काढून दाखवली. उलटा प्रश्न विचारल्यावर, म्हणजे कक्षा ठाऊक असताना ऐकणारा कुठे आहे हे शोधल्यावर, अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही दिशादर्शक यंत्रणा उभी राहिली. आज एकाच प्रक्षेपकातून डझनावारी छोटे उपग्रह सुटतात, तेव्हा रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी कोणता कुणाचा, हे पहिले काही दिवस स्पष्ट नसते. सॅटनॉग्स या स्वयंसेवकांच्या जाळ्यातली केंद्रे एका ठिपक्याचे केप्लर आकडे धरून डॉप्लर दुरुस्त करतात आणि बीकन टिपतात. ठिपका बरोबर निवडलेला असेल तर पडद्यावर बीकनची रेषा सरळ उभी उमटते. चुकीचा असेल तर ती तिरकी होते किंवा मधे वळते, आणि मग पुढच्या ठिपक्याचे आकडे घालून पाहतात.